वाचकांचे प्रश्न : ‘खाते तेवढंच, मग हे वजन येतं कुठून?’

गेल्या अंकात गुडघेदुखीवर लिहिलं होतं, त्यात ओझरतं एक वाक्य होतं की बिचाऱ्या गुडघ्याला पोटाचंही ओझं वाहावं लागतं. झालं, तेवढ्यावर पत्रांचा असा पाऊस पडला की गुडघा राहिला बाजूला आणि सगळे पोटावरच आले. सगळ्यांना उत्तरं देणं काही शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नाव कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३८. चार वर्षं झाली, काम घरूनच करते. या चार वर्षांत ९ किलो वाढले. आईशप्पथ सांगते, खाणं पूर्वीइतकंच आहे, उलट बाहेरचं कमीच झालंय. थायरॉईड तीनदा तपासला, नॉर्मल. घरचे म्हणतात चोरून खात असशील. मग हे वजन येतं कुठून?
– घरून काम करणारी

तुम्ही चोरून खात नाही यावर माझा विश्वास आहे, हे घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. आता हिशोब करू. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, म्हणजे ९ किलोच्या झाल्या ६९ हजारांच्या वर. आकडा ऐकून धडकी भरते, पण त्याला चार वर्षांच्या दिवसांनी भागा, रोजच्या ४७ येतात. सत्तेचाळीस! एखाददुसरं बिस्किट. हा हिशोब ढोबळ आहे हे मान्य, कारण वजन वाढलं की ते वागवायलाही शरीर जास्त जाळतं, त्यामुळे खरा फरक यापेक्षा मोठा असणार, पण तरी तो ‘चोरून खाण्या’इतका नक्कीच नाही. एवढासा फरक ताटात दिसत नाही हो. तुम्हाला नाही, घरच्यांना नाही, समोर बसून बघितलं असतं तर मलाही नसता दिसला.

आणि तो ताटातूनच आला असेल असंही नाही. खाणं तेवढंच आहे म्हणता, पण हालणं तेवढंच आहे का? ऑफिसला जात होतात तेव्हा घाईघाईने बस गाठायची, जिना चढायचा, दुसऱ्या टोकाला बसणाऱ्या माणसाला काही विचारायचं तर उठून जायचं, जेवायला खाली, परत वर, संध्याकाळी परत तेवढंच. याला कुणी व्यायाम म्हणत नाही. पण दिवसभराची ही जी किरकोळ चाळवाचाळव असते ना, उठणं, बसणं, येरझाऱ्या, उभं राहून बोलणं, पाय हलवणं सुद्धा, तिचा खर्च बराच असतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हीन यांनी १९९९ मध्ये १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त खायला घातल्या. सगळ्यांना जादा खाणं सारखंच, पण एकाची चरबी अर्धा किलोही वाढली नाही आणि दुसऱ्याची चार किलोंच्या वर गेली! ज्यांची वाढली नाही ते काही लपून व्यायाम करत नव्हते, त्यांची किरकोळ चाळवाचाळव आपोआप वाढली होती, त्यांना पत्ताही नव्हता. आपल्यातही असतात असे लोक, एका जागी बसवत नाही त्यांना, आणि आपण त्यांना ‘याला खाल्लेलं अंगाला लागत नाही’ म्हणतो.

तुमच्या प्रश्नावरून मला लंडनच्या दुमजली बस आठवल्या. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ मध्ये दाखवलं की दिवसभर बसून बस चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिन्यावरून वरखाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. पुढे १९५६ मध्ये त्यांनी काय केलं, तर चक्क दोघांच्या युनिफॉर्मची मापं काढली, आणि ड्रायव्हरांच्या पँटी कमरेत मोठ्या निघाल्या. गंमत म्हणजे हा फरक तरुण ड्रायव्हरांमध्येही होता, त्यामुळे सगळं खापर सीटवर फोडता येत नाही, मुळात आडव्या अंगाची माणसं ड्रायव्हर होत असतील असंही असू शकतं. पण एकाच बसमध्ये, एकाच पाळीत, एक दिवसभर बसलेला आणि एक दिवसभर चढउतार करणारा, हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही. आपण सगळे गेल्या काही वर्षांत कंडक्टरचे ड्रायव्हर झालोय, पँटीचं माप घ्यायला कुणी येत नाही एवढंच.

म्हणून तुम्हाला पहाटे पाचला उठून पळा वगैरे मी सांगणार नाही, चार दिवस पळाल आणि पाचव्या दिवशी मला शिव्या द्याल. फोन आला की उभं राहायचं, आणि कॉल लांबणार असेल तर चालत बोलायचं. चार्जर दुसऱ्या खोलीत ठेवा. टेबलावरची ती लिटरभराची पाण्याची बाटली काढून टाका आणि पेला ठेवा, म्हणजे तो रिकामा झाला की उठावंच लागेल. जेवण झाल्यावर लगेच खुर्चीत न बसता दहा-पंधरा मिनिटं चाला, त्याने जेवणानंतर वाढणारी रक्तातली साखरही कमी चढते. हे वाचायला फालतू वाटतं, पण वजनही असं फालतू वाटणाऱ्या गोष्टींनीच वाढलंय.

प्रश्न : मॅडम, मी २१ वर्षांचा. सहा महिने झाले, रोज एक तास जिम. ट्रेडमिल दर वेळी ४०० कॅलरी दाखवतं तरी वजन फक्त दीड किलो कमी! पैसे वाया चाललेत का?
– घामाघूम

पैसे वाया नाही चालले रे, पण त्या मशीनवरचा आकडा मनावर घेऊ नकोस. ही मशीन बऱ्याचदा आकडा फुगवून दाखवतात, आणि नुसता बसला असतास तरी त्या तासात जेवढ्या जळल्या असत्या तेवढ्याही त्यात धरलेल्या असतात. बरं, जिमहून आल्यावर काय करतोस ते लिहिलं नाहीस! बहुतेक जण येतात, आता झाला व्यायाम म्हणून उरलेला दिवस लोळतात, आणि कडकडून भूक लागलेली असते म्हणून दोन घास जास्त खातात. तासाभराचं कमावलेलं दहा मिनिटांत फिटतं.

शरीरही काही कमी चलाख नाही. टांझानियात हाड्झा जमातीतले काही लोक अजून शिकार करून, कंदमुळं खणून जगतात, रोजची पायपीट प्रचंड. मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पॉन्टझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्यांची दिवसभरात जळणारी ऊर्जा मोजली, आणि शरीराच्या आकाराचा हिशोब धरला तर ती अमेरिका-युरोपातल्या ऑफिसात बसणाऱ्यांइतकीच निघाली. म्हणजे खूप हालचाल करणाऱ्याचं शरीर बहुधा दुसरीकडे कुठेतरी काटकसर करतं. नेमकं कसं आणि किती, यावर शास्त्रज्ञांचे अजून वाद चालू आहेत.

आता वरच्या ताई म्हणतील, आम्हाला तर हालचाल हालचाल सांगितलंत आणि याला उलटंच! उलटं नाहीये. पोषणतज्ज्ञ जाँ मेयर यांनी १९५६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या कामगारांचं खाणं आणि वजन मोजलं होतं. अंगमेहनतीची कामं करणारे मेहनतीच्या हिशोबाने खात होते आणि सडपातळ होते. पण अगदीच बैठ्या कामाचे जे होते ते कमी खायच्या ऐवजी मेहनत करणाऱ्यांइतकं खात होते, आणि वजनही त्यांचंच जास्त. म्हणजे हालचाल एका पातळीच्या खाली गेली की भुकेचा काटाच बिघडतो. त्यामुळे काहीच न हलणारा थोडं हलायला लागला तर त्याला भरपूर फायदा, आणि आधीच हलणाऱ्याने आणखी तासभर वाढवला तर वजनात फार फरक पडेलच असं नाही. तू जिम सोडू नकोस. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा, हे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलंय ते ब्लड प्रेशर, शुगर, हृदय, मन, झोप सगळ्यासाठी. आणि दीड किलो कमी दिसत असले तरी आतली चरबी त्याहून जास्त गेली असेल आणि स्नायू वाढले असतील, कंबर मोजून बघ. वजन कमी करायचं काम मात्र मुख्यतः ताटातच होतं.

प्रश्न : चिप्सचा किंवा बिस्किटांचा पुडा उघडला की संपेपर्यंत हात थांबत नाही. पोट भरलेलं असतं तरी! मी एवढी हावरट कशी झाले?
– रिकामा पुडा

हावरट वगैरे काही नाही. एक प्रयोग करा. एक चिप उचला, जिभेवर ठेवा आणि चावू नका, नुसती टाळूला दाबा. आधी मीठ लागतं, मग तेल, आणि बघता बघता तिचा लगदा होतो, दातांना कामच नाही. आता एक सफरचंद घ्या आणि तेवढ्याच वेळात संपवून दाखवा! जबडा दुखेल. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जायला वेळ लागतो, आणि या गोष्टी तो निरोप पोचायच्या आत गिळून झालेल्या असतात.

२०१९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केव्हिन हॉल यांनी २० जणांना चार आठवडे तिथेच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले, भरपूर प्रक्रिया केलेले पदार्थ, दोन आठवडे साध्या मूळ जिन्नसांपासून केलेलं जेवण. समोर ठेवलेल्या दोन्ही प्रकारच्या जेवणांत कॅलरी, साखर, फॅट, मीठ, फायबर जवळपास सारखं, आणि हवं तेवढं खा, पोट भरलं की थांबा, एवढाच नियम. प्रक्रिया केलेल्या खाण्यावर लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या, खाण्याचा वेगही जास्त होता, आणि दोन आठवड्यांत वजन ०.९ किलो वाढलं. दुसऱ्या जेवणावर साधारण तेवढंच उतरलं. माणसं तीच बरं का! मला सांगा, यांची इच्छाशक्ती दोन आठवड्यांसाठी कुठे गावाला गेली होती का?

इच्छाशक्ती कमी पडते, मनावर ताबा ठेवा, हे जे सल्ले आपण एकमेकांना देत असतो ना, त्याचा मला भयंकर राग आहे. जिभेला चटक लागावी म्हणून पगारी माणसं प्रयोगशाळेत मीठ-साखर-तेलाचं प्रमाण जुळवत बसतात आणि आपण रात्री अकरा वाजता, थकलेल्या डोक्याने, एकट्याने त्यांच्याशी लढायचं! दुकानातच निर्णय घ्यायचा, पोट भरलेलं असताना. घरात आला की तो पुडा संपणारच, माझ्याकडूनही संपतो. अगदी आणलाच तर वाटीत काढून घ्या आणि पुडा आत, वरच्या फळीवर, जिथे स्टुलावर चढावं लागेल.

आणि गोड पेयं. ३३० मिलीच्या सॉफ्ट ड्रिंकमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, सात-आठ चमचे. कुणी चमच्याने खायला दिली तर तिसऱ्या चमच्याला नको म्हणू. प्यालेल्या साखरेने पोट भरत नाही, पुढच्या जेवणात आपण तेवढं कमी खात नाही. फळांचा रसही याच घरातला, त्यापेक्षा फळ चावून खा.

प्रश्न : मी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, आलटून पालटून नाइट. नाइटच्या आठवड्यात नुसती खा खा सुटते, तीही गोड आणि तळलेलं. दिवसा तसं होत नाही. हा मनाचा खेळ आहे का?

नाही सिस्टर, झोप कमी पडल्याने बिघडलेल्या हार्मोन्सचा आहे. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन आणि भूक लागल्याचं सांगणारं घ्रेलिन अशी दोन हार्मोन्स असतात. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तर भरपूर झोपेच्या दिवसांच्या तुलनेत लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त. भूक २४ टक्क्यांनी वाढली, आणि ओढ कशाची, तर तुम्ही लिहिलंय तशाच गोड, खारट, पिठूळ पदार्थांची. हे फक्त दोन रात्रींत! तिथल्याच संशोधकांनी २०२२ मध्ये उलटं करून पाहिलं. साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या ८० जाड लोकांपैकी निम्म्यांची झोप सरासरी सव्वा तास वाढवली, डाएट वगैरे काहीच सांगितलं नाही, तरी उरलेल्यांच्या तुलनेत त्यांचं खाणं रोज सुमारे २७० कॅलरींनी आपोआप कमी झालं.

तुम्ही ड्युटी तर सोडू शकत नाही, आणि आम्हा डॉक्टरांनी तुम्हाला ‘पुरेशी झोप घ्या’ सांगणं म्हणजे जखमेवर मीठच. पण ड्युटीला जायच्या आधी नीट पोटभर जेवा, रात्री दोन ते पाचच्या मध्ये मोठं जेवण नको, लागलंच तर डबा घरून, थोडका, प्रोटीनवाला. सकाळी येताना गॉगल घाला, खोली काळोखी करा आणि फोन बाहेर. नाइट एकदम सलग हव्यात की विखुरलेल्या हे विचारायची सोय असेल तर विचारून बघा, प्रत्येकीला वेगळं सोसतं.

(हे फक्त नाइटवाल्यांना नाही. अंथरुणात पडून दीड-दीडपर्यंत फोन सरकवणारे आपण सगळे बिनपगारी नाइटच करतोय.)

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा. सासूबाई म्हणतात बाळसं आहे, उंची वाढली की उतरेल. शाळेत मुलं ‘ढोल्या’ म्हणून चिडवतात. मोबाईल समोर धरल्याशिवाय जेवत नाही. डाएट सुरू करू का?
– काळजीत पडलेली आई

डाएट हा शब्दसुद्धा घरात काढू नका ताई. वाढत्या मुलाला उपाशी ठेवायचं नसतं, बऱ्याच मुलांच्या बाबतीत वजन आहे तिथे धरून ठेवायचं आणि उंचीला पुढे जाऊ द्यायचं, एवढं पुरतं. तेवढ्यापुरतं सासूबाईंचं बरोबर आहे. पण दहाव्या वर्षी बाळसं म्हणत नाहीत हो, आणि ते आपोआप उतरेल म्हणून बसून राहू नका. एकदा बालरोगतज्ज्ञांकडून वयानुसार वजन-उंचीचा तक्ता, ब्लड प्रेशर बघून घ्या. घोरत असेल तर तेही सांगा.

मोबाईल मात्र पहिला. स्क्रीनकडे डोळे असले की किती खाल्लं याची दखलच घेतली जात नाही, तोंड यंत्रासारखं उघडतं. एकदम बंद केलात तर रडारड होईल, दोन-तीन दिवस कमी जेवेल, जेवू द्या, भूक लागली की येतो. एक अट, टेबलावर मोठ्यांचे फोनही नकोत, बाबांचा आधी! दिवसाला निदान तासभर पळापळी, मग तो कुठला खेळ का असेना, आणि झोप ९ ते १२ तास. चिडवण्याबद्दल शाळेत जाऊन बोला, आणि घरात कुणी लाडाने सुद्धा जाड्या म्हणत असेल तर ते आजपासून बंद. चिडवलेलं मूल बारीक होत नाही, ते लपून खायला शिकतं.

प्रश्न : बीएमआय २४.५. नॉर्मल ना?

बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा. २५ च्या खाली म्हणून तक्त्यात नॉर्मल, पण आशियाई वंशाच्या लोकांमध्ये कमी बीएमआयलाच मधुमेह-हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून २००४ मध्येच तज्ज्ञांनी त्यांच्यासाठी २३ पासून सावध व्हा असं सुचवलंय. बीएमआयला चरबी आणि स्नायू यातला फरक कळत नाही. सुतळी घ्या, उंचीइतकी कापा, मधोमध दुमडा आणि पोटाभोवती गुंडाळा. टोकं जुळली नाहीत तर भेटा कुणाला तरी.

प्रश्न : ती वजन उतरवायची इंजेक्शनं घेऊ का? मैत्रिणीचं १२ किलो उतरलं.

उतरतं, खोटं नाही. सेमाग्लुटाईड या त्यातल्याच एका औषधाच्या २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन कमी झालं होतं. आतड्यातल्या एका हार्मोनची नक्कल करतं ते, भूक कमी होते, पोट हळू रिकामं होतं. पण बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत आलं, म्हणजे हे ब्लड प्रेशरच्या गोळीसारखं लांबचं लग्न आहे, चार महिन्यांची सहल नाही. मळमळ, उलट्या बऱ्याच जणांना होतात, चरबीबरोबर स्नायूही जातात, गरोदरपणात चालत नाही. ज्यांना खरी गरज आहे त्यांनी लाज न बाळगता डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर घ्यावं, त्यात हार मानल्यासारखं काही नाही. मैत्रिणीच्या पेनातून मात्र घेऊ नका.

प्रश्न : डॉक्टर, राग मानू नका, तुमचं स्वतःचं वजन किती?
– चोंबडा वाचक

आहे तीन-चार किलो जास्त. परवा लक्षात आलं की कपाटातली फाईल काढायला मी उठलेच नाही, चाकाच्या खुर्चीवर बसल्या बसल्या पायाने जमीन ढकलत कपाटापर्यंत गेले आणि तशीच परत आले. कंपाउंडर बघत होता, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर खुर्ची बदललेली, बिनचाकाची, लाकडी. त्याला विचारलं तर म्हणे चाक तुटलं होतं.

मी काही ते चाक बघायला मागितलं नाही.